गुडघा दुखतो, दम टिकत नाही. नियमित सायकल कशी सुरू करायची?

मंदचाल

वय 46, वजन 92 किलो, काम दिवसभर खुर्चीतले. उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखते, जिना उतरताना जास्त. कंबर सकाळी आखडलेली असते, दहा-पंधरा मिनिटांत सुटते. डॉक्टरांनी तपासून सांगितले की झीज सुरुवातीची आहे, सायकल जरूर चालवा. किती आणि कशी, ते मात्र सांगितले नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे.

सायकल हायब्रिड. पुढे पेडलजवळ तीन चेनरिंग म्हणजे दातेरी चकत्या (48-38-28 दातांच्या), मागे 11 ते 32 दातांची आठ गियरची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच), टायर 35 मिमी. जांघेपासून जमिनीपर्यंत अनवाणी माप 76 सेंमी. क्रँकच्या (पेडल ज्याला लावलेले असते त्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत 61 सेंमी. हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी, म्हणजे 85 पीएसआय. बहुतेक वेळ पुढे 48 आणि मागे 15, वेग ताशी 15 किमीच्या आसपास.

चांगल्या दिवशी 12 मिनिटे विनातक्रार जातात, वाईट दिवशी 6. अर्धा तास रेटली की गुडघा दोन दिवस कुरकुरतो आणि मग सायकल आठवडाभर कोपऱ्यात.

दुखत असताना चालवावी की नाही, आणि थांबायचे कुठे? सुरुवात किती मिनिटांनी करायची आणि वाढ कशी? सायकलच्या मापातच काही घोळ असेल तर तेही सांगा. नवी सायकल घ्या, असा सल्ला कृपया नको.

चेनतेल

नवी सायकल मुळीच नको. आहे तीच नीट लावा. तुम्ही आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे.

सीट खूप खाली आहे. जांघेचे माप गुणिले 0.883 हा जुना, सगळीकडे वापरला जाणारा हिशोब. 76 ला तो 67 सेंमी येतो. तुमची 61 वर आहे, म्हणजे 6 सेंमी कमी. साधे पेडल, साधे बूट आणि आखडलेली कंबर असेल तर मी 67 वर नेणार नाही, 65.5 ते 66 वर थांबेन. सीट खाली असली की पेडल वर आल्यावर गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि त्याच दुमडलेल्या अवस्थेत तुम्ही जोर लावता. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते ती तिथे. जिना उतरताना दुखणे आणि सायकलवर पुढून दुखणे ही बहुतेक वेळा एकाच दाबाची तक्रार असते.

आकड्यावर विश्वास नसेल तर टाचेची चाचणी करा. सायकल भिंतीला टेकवा, नेहमीचे बूट घालून बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कुल्ला एका बाजूला झुकवावा लागता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा हलका बाक राहतो. तेवढाच हवा.

एका दिवसात साडेचार सेंमी उचलू नका. दोन-तीन फेऱ्या झाल्या की 1 सेंमी, असे करत जा. स्नायूंना आणि तोलाला सवय होऊ द्या. दर वेळी सीटपोस्टवर (सीटखालच्या नळीवर) चिकटपट्टीने खूण करा, म्हणजे मागे यायचे तर कुठे यायचे ते कळते. सीटपोस्टवर कमीत कमी किती आत राहायला हवी याची रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसू लागली तर तिथे थांबायचे. लांब सीटपोस्ट वेगळी मिळते, मात्र व्यास अचूक जुळला पाहिजे, 27.2 मिमीच्या जागी 26.8 चालत नाही.

आता गियर. तुमच्या टायरला चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे 2.17 मीटर अंतर कापले जाते. 48-15 वर पेडलच्या एका फेऱ्यात 6.9 मीटर. ताशी 15 किमीला मिनिटाला पेडलचे जेमतेम 36 फेरे पडतात. हे सायकल चालवणे नाही, एका पायाने सलग जिना चढणे आहे. त्याच वेगाला मिनिटाला 70 फेरे मारलेत तर प्रत्येक दाबाला लागणारा जोर निम्म्यावर येतो. त्यासाठी पुढे 38, मागे 24 लावा: 70 फेऱ्यांना ताशी 14.4 किमी. आणखी हलके हवे तर 28-24 ला ताशी 10.6. पुढची 48 ची चेनरिंग सहा महिने नाही वापरली तरी काही अडत नाही.

सुरुवातीला 70 फेरे म्हणजे पाय उगाच भिरभिरतायत असे वाटेल आणि सीटवर उसळायला होईल. तसे झाले तर 60 वर या, पण 50 च्या खाली नको. मोजायला यंत्र लागत नाही. 15 सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा.

हवा 85 खूप आहे. टायरवरचा आकडा ही वरची मर्यादा असते, शिफारस नव्हे. सायकल धरून एकूण 105 किलोच्या आसपास आणि 35 मिमी टायर, तर मागे 60, पुढे 50 पुरे. कडक टायरवर प्रत्येक खडबड थेट कंबर आणि मनगटात जाते. फार कमीही नको. खड्ड्यात रिम टेकून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडल्या तर हवा कमी पडते आहे असे समजा.

वाटीवाला

सायकलचे वर आले आहे, मी दुखण्याचे सांगतो.

'दुखले की थांबा' आणि 'दुखणे सहन करा' हे दोन्ही सल्ले निरुपयोगी आहेत. शून्य ते दहाची पट्टी धरा. शून्य ते 2: बिनधास्त चालवा. 3 ते 5: चालवता येते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे नेहमीच्या पातळीवर परत आलेले असले पाहिजे. 5 च्या वर: त्या दिवशी बस. फेरी सुरू असताना आकडा चढत चाललाय की स्थिर आहे, हेही पहा. पहिल्या पाच मिनिटांत 3 असून पुढे 2 होत असेल तर सांधा मोकळा होतो आहे. 2 वरून 3 आणि 3 वरून 4 असे जात असेल तर 5 ची वाट पाहू नका.

खरी परीक्षा मात्र नंतर असते. फेरीनंतर दोन तासांनी सांधा निघतानापेक्षा जास्त दुखत असेल तर मात्रा जास्त झाली, पुढच्या वेळी कमी करा. दुसऱ्या सकाळी गुडघा सुजलेला किंवा गरम लागत असेल तर आकडा कितीही असो, विश्रांती. मांडीच्या स्नायूत दोन्ही बाजूंना सारखे, बोथट दुखणे वेगळे. ते नव्या कामाचे दुखणे आहे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आपोआप जाते. ते आणि सांध्यातले दुखणे एका पट्टीत मोजू नका.

जागेवरूनही बरेच कळते. पुढे, वाटीभोवती: सीट खाली, सीट फार पुढे किंवा गियर जड. गुडघ्याच्या मागे: सीट फार वर किंवा फार मागे. बाहेरच्या बाजूला: सीट वर, किंवा पाऊल फार आत वळवून ठेवण्याची सवय. आतल्या बाजूला: पाऊल फार बाहेर वळलेले. पाऊल सरळ 'असायलाच' हवे असे नाही. टेबलावर बसून पाय मोकळे सोडल्यावर पाऊल ज्या कोनात लटकते त्या कोनात पेडलवर ठेवा. साध्या पेडलवर ते आपोआप जमते, म्हणून घाईने बूट अडकवायचे पेडल घेऊ नका.

फेरीआधी वेदनाशामक गोळी घेऊन निघणे टाळा. पट्टीवरचे आकडेच खोटे होतात, शिवाय घाम गाळताना काही गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर येतो आणि रक्तदाबाच्या औषधांबरोबर तो वाढू शकतो. डॉक्टरांनी नियमित म्हणून दिली असेल तर ती वेळेवर घ्या, ती वेगळी गोष्ट.

बीटा ब्लॉकर चालू असताना नाडीचे ठोके दाबलेले राहतात. त्यामुळे वयावरून काढलेले ठोक्यांचे तक्ते आणि घड्याळातले रंगीत पट्टे तुमच्यासाठी नाहीत. बोलण्याची कसोटी वापरा: पूर्ण वाक्य मध्ये श्वास न तोडता बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येत असेल तर अगदीच हळू चाललेय, तीन-चार शब्दांवर श्वास तुटत असेल तर जास्त. पहिले दोन महिने पूर्ण वाक्याच्या बाजूलाच रहा. थांबताना एकदम थांबू नका, शेवटची दोन-तीन मिनिटे नुसते पाय फिरवा, नाहीतर उतरल्यावर चक्कर येऊ शकते.

छातीत दाब किंवा दुखणे, घाम फुटून मळमळ, शुद्ध हरपल्यासारखे होणे, एकाच पोटरीला सूज, जांघेत आणि गुदाभोवती बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे: यांत पट्टी वगैरे काही नाही, त्याच दिवशी दवाखाना. गुडघा मध्येच अडकत असेल आणि सरळ होत नसेल तर तोही दाखवून घ्या.

निवांत

मिनिटांचा हिशोब कोणी दिला नाही, तो देतो.

तुमचे चक्र ओळखीचे आहे: बरे वाटले की अर्धा तास, मग दोन दिवस कुरकुर, मग आठवडाभर खंड, मग पुन्हा 'भरून काढायला' अर्धा तास. असे वर्षभर केले तरी दम वाढत नाही, कारण शरीराला सलग कामच मिळत नाही. म्हणून सुरुवात वाईट दिवसालाही जमेल इतकी लहान ठेवायची. चांगला दिवस 12, वाईट 6, सरासरी 9. त्याचे 80 टक्के म्हणजे 7 मिनिटे. हा तुमचा पाया. आठवड्यातून चार दिवस, 7 मिनिटे. हास्यास्पद वाटेल, वाटू द्या.

नियम असा की चांगल्या दिवशीही 7 च. पाळायला अवघड जाते ते हेच. उत्साहात 20 मिनिटे केलीत तर तुम्ही दम नाही वाढवला, पुढचे दोन दिवस खर्च केलेत. वाईट दिवशी 7 जड वाटले तर 4 करा, पण बाहेर पडा.

वाढ एका वेळी एकाच गोष्टीत. आधी दिवस, मग मिनिटे, सर्वांत शेवटी चढ आणि वेग. चार दिवस नीट जमले की दर आठवड्याला प्रत्येक फेरीत 1 मिनिट: 7, 8, 9 आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम 8. मग 10, 11, 12, पुन्हा 10. मग 13, 14, 15, आणि 12. बारा आठवड्यांत 15 मिनिटांपर्यंत पोचता. 15 च्या पुढे आठवड्याला 2 मिनिटे चालतात. आठवड्यातल्या दोन फेऱ्यांत दुसऱ्या सकाळचे दुखणे वर राहिले तर वाढ नाही. मागच्या आठवड्याचाच आकडा पुन्हा.

अंतर लिहून ठेवू नका, मिनिटेच लिहा. किलोमीटर लिहिले की माणूस ते गाठायला गियर जड करतो. वहीत एका ओळीत चार गोष्टी पुरतात: मिनिटे, फेरीतले सर्वांत जास्त दुखणे, दोन तासांनंतरचे, दुसऱ्या सकाळचे. तीन आठवड्यांच्या ओळी एकाखाली एक पाहिल्या की कशाने बिघडते ते बहुधा दिसते. झोप कमी झालेल्या दिवसांनंतरचे आकडे वर असतील, तर सायकलला दोष देण्यात अर्थ नाही.

मार्ग घराभोवतीचा, लहान वर्तुळाचा ठेवा. सरळ जाऊन परत यायचे ठरवले की दमता तिथून परतीचे अर्धे शिल्लक असते. वर्तुळात कुठेही दुखले तरी घर दोन मिनिटांवर. वारा असेल तर सुरुवात वाऱ्याच्या तोंडाशी, परत येताना पाठीवर.

आणि हो, 7 मिनिटांनी काय होणार असे विचारणारे भेटतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या शिफारशीत व्यायाम सलग किमान 10 मिनिटांचा तरच धरायचा होता. 2020 च्या शिफारशीत ती अट काढली. लहान तुकडेही धरतात. आठवड्याला 150 मिनिटे हे दूरचे ठिकाण आहे, पहिल्या महिन्याचे काम नाही.

पाठमोरा

एवढ्या खटाटोपापेक्षा घरातली स्थिर सायकल बरी नाही का? रहदारी नाही, तोल नाही, दुखले की उतरा.

चेनतेल

काही जणांसाठी बरीच. तोल जात असेल, चक्कर येत असेल किंवा गुडघा 110 अंशांपर्यंत दुमडत नसेल तर सुरुवात तिथेच करावी. (पेडलचा पूर्ण फेरा मारायला साधारण तेवढे दुमडणे लागते. कमी दुमडत असेल तर 170 ऐवजी 150-155 मिमीचे आखूड क्रँक हा उपाय आहे. आखूड क्रँक लावले की जितके मिमी कमी झाले तितकी सीट वर घ्यायची.)

पण दोन तोटे लक्षात ठेवा. रस्त्यावर उतार, वळण, थांबा येतो, तेव्हा पाय थांबतात, बूड हलते. स्थिर सायकलवर ते आपोआप होत नाही, त्यामुळे तेवढ्याच मिनिटांत बूड जास्त दुखते. दर पाच मिनिटांनी पाच-दहा सेकंद उठून उभे राहायचे. दुसरे, जड चाकाच्या ज्या यंत्रात पाय थांबवले तरी पेडल फिरत राहते ते दुखऱ्या गुडघ्याला नको. चाक पाय ओढून नेते आणि अचानक थांबवायला गेलात की सगळा झटका सांध्यावर. पाय थांबवला की पेडल थांबणारे यंत्र घ्या. पंखा समोर ठेवा, नाहीतर बोलण्याची कसोटी उकाड्यानेच बिघडते.

मंदचाल

सर्वांचे आभार. सीट टप्प्याटप्प्याने 65.5 वर आणली, गियर 38-24, हवा 60/50. गुडघ्याचे पुढचे दुखणे 4 वरून 1-2 वर आले आहे. तीन नव्या तक्रारी. हँडल आता लांब आणि खाली वाटते, कंबर लवकर भरून येते. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. आणि सिग्नलला पाय जमिनीला नीट पोचत नाहीत, त्यामुळे भीती वाटते. सीट परत खाली घ्यावी का?

चेनतेल

मुळीच नाही. तिन्हीचे कारण एकच आहे, पण उपाय सीट खाली घेणे हा नव्हे.

सीटपोस्ट उभी नसते, मागे कललेली असते, साधारण 73 अंशांत. 4.5 सेंमी वर काढली तेव्हा सीट 4.3 सेंमी उंच झाली आणि 1.3 सेंमी मागेही गेली. म्हणजे हँडल तुमच्यापासून तेवढे खाली आणि तेवढे लांब झाले. कंबर ते सांगते आहे.

आधी पुढे-मागे पहा. बसून क्रँक आडवे करा, पुढच्या पायाच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो पेडलच्या आसावरून किंवा किंचित मागून जायला हवा. फार मागे जात असेल तर सीटखालचा बोल्ट ढिला करून सीट रुळांवर 5 मिमी पुढे घ्या, पुन्हा पहा. हँडल जवळ आणायला म्हणून सीट पुढे ढकलू नका. ओळंबा पुढे गेला की वाटीचे दुखणे परत येईल. सीटचे नाक खाली झुकलेले नाही ना हेही स्पिरिट लेव्हल ठेवून पहा. झुकलेले असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे रेटता. मुंग्यांचे ते एक नेहमीचे कारण आहे.

मग हँडल उचला. स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) वर रिंगा (स्पेसर) असतील तर त्या खाली घ्यायच्या. क्रम महत्त्वाचा: स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट ढिले, मग वरच्या टोपीचा बोल्ट काढा, स्टेम काढा, रिंगा खाली घाला, स्टेम पुन्हा बसवा. आता आधी टोपीचा बोल्ट, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवल्यावर खटखट थांबेपर्यंतच. हँडल मोकळे फिरले पाहिजे. त्यानंतर चाकाच्या रेषेत हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट, बहुतेक स्टेमवर 5-6 न्यूटन मीटर लिहिलेले असते. अनेक जण आधी बाजूचे आवळतात आणि मग टोपी पिळतात. त्याने काहीच आवळले जात नाही आणि बेअरिंग खटखटत राहते. वर रिंगा नसतील तर स्टेम उलटा करून बसवा, कोन वरचा होतो. तेही पुरले नाही तर कोन बदलता येणारा स्टेम. तुमच्या कंबरेला हँडल सीटइतके किंवा दोन-तीन सेंमी उंच हवे. उचलल्यावर ब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पहा.

मुंग्या करंगळीकडच्या असतील तर तळहाताच्या करंगळीकडच्या उशीवर, मनगटाजवळ दाब येतो आहे. अंगठा, पहिले बोट, मधले बोट असते तर दाब मनगटाच्या मध्यावर असता. मनगट मागे मोडू नका, हाताच्या रेषेत ठेवा. ब्रेकचे दांडे फार वर असतील तर थोडे खाली फिरवा. दर दोन मिनिटांनी पकड बदला. पसरट, तळहाताला आधार देणारे ग्रिप बरेच काम करतात.

वाटीवाला

कंबरेबद्दल एक भर. हँडलकडे वाकताना पाठ गोल करू नका, कुल्ल्यातून वाका. बेंबी हँडलकडे न्यायची असे समजा. कोपर किंचित वाकलेले हवे, ताठ नको.

सायकल नसलेल्या दोन दिवशी दहा मिनिटे हे करा: खुर्चीतून हात न लावता उठणे-बसणे 8 वेळा, तीनदा, दुखले तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कुल्ले उचलणे, वर 5 सेकंद, 10 वेळा दोनदा. हातगुडघ्यांवर येऊन समोरचा हात आणि उलट पाय लांबवणे, दोन्ही बाजूंना सहा-सहा. टाचा उचलणे 12. मांडी आणि कुल्ल्यांचे स्नायू घट्ट झाल्याशिवाय वाटी शांत राहत नाही, नुसत्या सायकलने ते पुरेसे होत नाहीत.

दोन_वाजता

पाय पोचत नाहीत याचे उत्तर. सीट बरोबर असेल तर बसल्या जागेवरून दोन्ही पाय जमिनीला टेकतच नाहीत, टेकायचेही नसतात. थांबताना सीटवरून उतरायचे असते. ही एक गोष्ट मोठेपणी शिकलेल्यांना कोणी दाखवत नाही आणि भीतीने सीट खाली राहते.

निघताना: फ्रेमचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन जमिनीवर उभे रहा, ब्रेक दाबलेले. उजवे पेडल उलटे फिरवून, उजव्या बाजूने पाहता, घड्याळात दोन वाजलेल्या जागी आणा. उजवा पाय त्यावर. ब्रेक सोडून त्या पेडलवर उभे रहा. तो एकच दाब सायकल पुढे नेतो आणि तुम्हाला सीटच्या उंचीवर उचलतो. मग बसा.

थांबताना: गियर आधीच हलके करा. उजवे पेडल खाली, सहाच्या जागी. वजन त्या पायावर घ्या, सीटवरून पुढे घसरा, वेग संपत आला की डावा पाय जमिनीवर आणि सायकल किंचित डावीकडे झुकवा. मोकळ्या जागेत असे दहा-पंधरा वेळा करा. 7 मिनिटांची एक फेरी नुसती यासाठी खर्च केली तरी चालेल. उजवा गुडघा दुखरा आहे म्हणून पहिला दाब डाव्या पायाने द्यायचा असेल तर सगळे उलट. तुमच्या बाबतीत मला तेच बरे वाटते. फ्रेमवरून पाय टाकायला कंबर साथ देत नसेल तर सायकल स्वतःकडे बरीच आडवी कलवा, पाय घाला, मग उभी करा.

हळदुली

बुडाचे कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. पहिले दोन आठवडे बैठकीच्या हाडांवर थोडे दुखणे सर्वांनाच होते, जाते. पुढच्या बाजूला, जांघेत बधिरपणा आला तर तो सवयीचा भाग नव्हे. सीटचे नाक अर्धा-एक अंश खाली करा, तेवढेच, आणि रुंदी तपासा. पन्हळी पुठ्ठा कडक पायरीवर ठेवून त्यावर गुडघे जरा उंच करून बसा. दोन खड्डे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर 120 मिमी असेल तर 145-150 मिमी रुंदीची सीट. मऊ जेलचे कव्हर घालू नका. हाडे त्यात रुततात आणि मधला मऊ भाग वर दाबला जातो, म्हणजे जे टाळायचे तेच. पॅडची चड्डी घेतलीत तर तिच्या आत दुसरे काही घालायचे नसते, शिवणी घासतात.

आणखी एक, वाचणाऱ्या इतरांसाठी. थकवा श्रमाच्या मानाने फारच जास्त येत असेल, तोही त्याच दिवशी नाही तर एक-दोन दिवसांनी, अंगदुखी आणि डोके जड होऊन कित्येक दिवस टिकत असेल, तर वर दिलेली दर आठवड्याला 1 मिनिट ही वाढ तुम्हाला लागू नाही. एमई / सीएफएस या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजारात असे होते, आणि ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाईस संस्थेने 2021 च्या मार्गदर्शनात ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेणारा व्यायाम त्यासाठी देऊ नये असे म्हटले आहे. आधी निदान, मग सायकल.

मंदचाल

शेवटचा प्रश्न. अडीच-तीन महिन्यांनी ओळखीच्या लोकांची 20 किमीची सपाट रस्त्याची फेरी आहे. जावे का?

निवांत

20 किमी, ताशी 14 च्या वेगाने म्हणजे जवळजवळ दीड तास. तेव्हा तुमची फेरी 15 मिनिटांची असेल. सहा पट उडी आहे ती, आणि गटात हळू चालवणे कोणाला जमत नाही. पूर्ण नको. त्यांच्याबरोबर निघा, 7 मिनिटे जाऊन वळा, आणि त्यांना हे निघण्याआधीच सांगून ठेवा. पेडलला मोटरची मदत देणारी सायकल कोणाची मिळाली तर अर्ध्या तासापर्यंत जाता येईल, मदत सर्वांत वरच्या पातळीवर ठेवून. बसण्याचे माप त्या सायकलवरही लावून घ्या, निघायच्या आदल्या दिवशी.